कुरळे केस सरळ करावेत का? थोडा इतिहास, थोडं घरातलं



मागच्या चातुर्मासात माझी भाची आठ दिवस पाचोडला आली होती. दुपारी मी ज्वारी निवडत बसले होते, ती समोर पायरीवर. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. मंदिरात घेतो तशी नाही, लपवण्यासाठी घेतो तशी. म्हणाली, "आत्या, लग्नाआधी परत एकदा स्मूदनिंग करून घेऊ का? तिकडच्यांना फोटोत सरळ केस हवेत असं वाटतंय."

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका पार्लरमध्ये तिचे केस पहिल्यांदा सरळ करून घ्यायला मीच तिला नेलं होतं, पैसेही मीच दिले होते. कॉलेजातून पास झाल्याची भेट म्हणून. आमच्या दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, केस कुरळे. माझेही तसेच. शाळेत मला सगळ्या झिपरी म्हणायच्या, आणि ते माझ्या मनात इतकं बसलं होतं की पोरीला तरी हे ऐकून घ्यावं लागू नये असं वाटलं. चार महिन्यांत मुळाशी कुरळे केस उगवले, खाली सरळ. म्हणून आठव्या महिन्यात परत केलं. त्या वेळी टाळूची आग झाली, आणि पुढच्या काही आठवड्यांत कानाच्या वरपासून केस तुटायला लागले. फणीत गळून येतात तसे मुळासकट नाही, मधूनच, वाळलेल्या कडब्यासारखे कटकन.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले. सुरुवात रसायनांपासून करायची होती, पण झाली मंदिरापासून.

आपण रोज अभिषेक पाहतो, पण प्रतिमेच्या डोक्याकडे नीट किती जणी पाहतो? तीर्थंकरांच्या मस्तकावर बारीक, गोल गोल वळलेले केस असतात. एक एक कुरळी बट गोगलगाईच्या शंखासारखी.  जुन्या शिल्पशास्त्राला कुरळे, उजवीकडे वळणारे केस हेच महापुरुषाचं लक्षण वाटत होतं. शिवाय केवलज्ञान झाल्यावर नखं आणि केस वाढत नाहीत, हा आपल्याकडे अतिशयांपैकी एक मानला आहे. म्हणून ते केस कायम तेवढेच, तसेच.

वेरूळला जैन लेणी आहेत, क्रमांक ३० ते ३४. नववं-दहावं शतक, राष्ट्रकूटांचा काळ. सहलीला गेलेली मंडळी कैलास पाहून दमतात आणि इथपर्यंत पोचतच नाहीत, हे माझं जुनं गाऱ्हाणं. ३२ नंबरच्या इंद्रसभेत बाहुबलींची मूर्ती आहे, हातापायांना वेली वेढलेल्या. तिथल्या बाहुबलींच्या बटा खांद्यावर आल्या आहेत. आणि श्रवणबेळगोळचे बाहुबली, चामुंडरायांनी इसवी सन ९८१ च्या सुमारास उभारलेले, त्यांच्या डोक्यावर मात्र घट्ट कुरळे केस. एकाच महापुरुषाचे केस दोन ठिकाणी दोन तऱ्हांचे, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आदिनाथांची प्रतिमा तर केसांवरूनच ओळखतात. खांद्यावर बटा दिसल्या की ते ऋषभदेव. श्वेतांबर परंपरेत सांगतात की बाकीच्या तीर्थंकरांनी पंचमुष्टी लोच केला, पण ऋषभदेवांनी चार मुठी उपटल्यावर इंद्राने विनंती केली, इतक्या सुंदर दिसणाऱ्या बटा राहू द्याव्यात, आणि पाचवी मूठ राहिली. आपल्याकडे, दिगंबर पुराणांत, पाचही मुठी सांगितल्या आहेत आणि दीर्घ तपात जटा वाढल्या असं वर्णन येतं. दोन्हीकडे केस इंद्राने आदराने उचलून क्षीरसागरात सोडले. मला हे फार आवडतं. ज्याचा त्याग केला तेही कचरा म्हणून टाकलं नाही.

आता आपल्या तालुक्याकडे या. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा असतो, आणि त्या चेहऱ्यावर केस कुरळे दाखवले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या या गोदाकाठच्या राजाला आपले कुरळे केस नाण्यावर छापून सगळ्या राज्यात फिरवायला लाज वाटली नाही, आणि मी मात्र चौथीत असताना वहीच्या पुठ्ठ्याने ते दाबून बसवत होते! अजिंठ्याच्या भिंतींवरही कपाळावर, कानाजवळ रुळणाऱ्या कुरळ्या बटा पाहायला मिळतात. संस्कृत-प्राकृत कवी त्यांना अलक म्हणत आणि त्यांचं कौतुक करत. आपण त्याच बटांना गुंता म्हणतो.

मग हे कधी बदललं? माझ्या आजीच्या वेळी तरी सरळ-कुरळे असा वादच नव्हता. तेल चोपडायचं, वेणी किंवा आंबाडा घालायचा, पदर घ्यायचा. केस मोकळे सोडणं हेच वाईट, त्यामुळे ते मोकळे कसे दिसतात याची चिंता कुणाला? केस मोकळे सोडून फिरण्याची मुभा आपल्या मुलींना मिळाली ती अगदी अलीकडे, टीव्हीच्या जाहिरातींबरोबर, आणि त्या जाहिरातींतले सगळे केस पाण्यासारखे सरळ होते. मोकळीक आणि साचा एकाच पुडीत आले.

पण आजीच्या काळाला मी उगाच सोन्याचं म्हणणार नाही. बाईच्या केसांवर बाईचा हक्क नव्हता. महाराष्ट्रात, मुख्यतः ब्राह्मण घरांत, नवरा गेला की बाईचं केशवपन करत, कधी कधी दहा-बारा वर्षांच्या पोरीचं. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. सत्यशोधक चळवळीचं आणि नारायण मेघाजी लोखंड्यांचं बळ त्यांच्या मागे होतं. ज्यांना त्या कामाचे पैसे मिळत तेच म्हणाले की हे पाप आहे. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी वणवण करणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी 'माझी कहाणी' लिहिली. त्यांचंही केशवपन झालेलं. पुष्कळ वर्षांनी त्यांनी स्वतः ठरवून केस वाढवायला सुरुवात केली. समाजाची बोलणी तेव्हाही खाल्ली. केस काढले म्हणून नाही, ठेवले म्हणून!

दुसरी गोष्ट जटेची. कुरळे, दाट केस नीट विंचरले नाहीत की एकमेकांत अडकतात, आणि गावोगाव त्याला देवीची जट म्हणून हात लावायचा नाही असं सांगतात. मानेला ओझं, आत ऊ, फोड. पुण्याच्या नंदिनी जाधव आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन, समजूत घालून, कितीतरी बायकांच्या जटा कापून देत आल्या आहेत. त्यातल्या कैक बायांना मुळात फक्त तेल आणि मोठ्या दातांचा कंगवा हवा होता, हे वाचून मला चुटपुट लागली.

आता चंदनबालेकडे येते, कारण ही कथा मला या सगळ्यात सारखी आठवत राहिली. कथा दोन्ही परंपरांत आहे, नावं आणि तपशील बदलतात. विकली गेलेली राजकन्या शेठच्या घरी राहते. एके दिवशी ती कामात असताना तिचे लांब केस सुटून ओल्या जमिनीवर येतात, चिखलात भरू नयेत म्हणून शेठ ते उचलून धरतो. बापाच्या मायेने. शेठाणी ते पाहते आणि तिच्या मनात विष उतरतं. चंदनेचं डोकं भादरलं जातं, पायात बेड्या पडतात. पुढचं आपण सगळ्या जाणतो. महावीर आहाराला येतात, तिच्या हातचं रूक्ष अन्न घेतात, बेड्या तुटतात आणि मस्तकावर केस पुन्हा येतात.

लहानपणी मला यातला चमत्कार आवडायचा. आता वेगळं दिसतं. तीच चंदना पुढे दीक्षा घेते, महावीरांच्या आर्यिकासंघाची प्रमुख होते. म्हणजे परत आलेले केस ती पुन्हा स्वतःच्या हाताने काढते. दोन्ही वेळा डोकं केसांविना, पण एकदा दुसऱ्याच्या रागाने आणि एकदा स्वतःच्या निश्चयाने. राजुलचंही तसंच. नेमिनाथ लग्नाच्या दारातून परत फिरले, तेव्हा तिने भुंग्यासारखे काळे, विंचरून सजवलेले केस उतरवले. नवरीचे केस होते ते. आपले मुनी आणि आर्यिका दोन, तीन किंवा फार तर चार महिन्यांनी केशलोच करतात, राख लावून, हातानेच. वस्तरा नको म्हणजे परिग्रह नको, न्हाव्याची गरज नको म्हणजे परावलंबन नको, आणि केस वाढून जीव पडायला नकोत. आमच्याकडे एकदा लोच पाहिला तेव्हा समोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माताजींच्या नाही.

आपण श्राविका. आपल्याला केस ठेवायचे आहेत, तेलही लावायचं आहे, लग्नात छानही दिसायचं आहे. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. प्रश्न इतकाच की त्यासाठी काय काय पत्करायचं.

आता रसायनांचा इतिहास. हा आपल्या इकडचा नाही, पण कळला पाहिजे असा आहे. गंमत अशी की सरळ केसांच्या गोऱ्या बायकांना कुरळे हवे होते. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन माणसाने १९०६ च्या सुमारास लंडनमध्ये तापवलेल्या सळ्या आणि क्षार वापरून केस कायमचे कुरळे करण्याची पद्धत दाखवली. प्रयोग बायकोच्या डोक्यावर, आणि सुरुवातीला त्या बिचारीचे केस जळाले. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँडला गॅरेट मॉर्गन हा काळा कारागीर शिलाईयंत्रं दुरुस्त करी. शिवताना सुई तापून लोकरीचं कापड करपू नये म्हणून त्याने एक द्रव केला. हात कापडाला पुसले, तर लोकरीचे वळलेले धागे सरळ झालेले दिसले. मग शेजारच्या कुरळ्या कुत्र्यावर करून पाहिलं, मग स्वतःवर, आणि केस सरळ करण्याचं मलम बाजारात आलं. पुढे याच माणसाने धुरात वापरायचा मुखवटा आणि रस्त्यावरचा सिग्नल काढला.

पण हे मलम विकलं का गेलं, हे दुखणारं आहे. गुलामगिरी संपून दोन पिढ्या झाल्या तरी काळ्या बाईला नोकरी हवी, मान हवा, तर केस गोऱ्यांसारखे हवेत असा दाब होता. सारा ब्रीडलव्ह, म्हणजे मॅडम सी. जे. वॉकर, १८६७ साली गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मली, धुणी धुऊन जगली. तिचे स्वतःचे केस गळत होते, त्यातून तिने केसांचं मलम विकायला सुरुवात केली आणि हजारो बायकांना विक्रीचं काम दिलं. दक्षिण आफ्रिकेत तर १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर माणूस कुठल्या वर्णाचा हे ठरवताना केसांत पेन्सिल अडकवून बघत. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली भावंडं यात वेगळी झाली. मला शाळेतल्या मुली झिपरी म्हणाल्या एवढ्यावर मी चाळीस वर्षं धुमसत होते, हे वाचून जरा गप्प झाले.

१९५० च्या दशकात शिकागोच्या जॉर्ज जॉन्सनने घरी आणि पार्लरात वापरता येईल असं रिलॅक्सर मोठ्या प्रमाणावर आणलं. नाव बघा, रिलॅक्सर! आत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, ज्याने नाल्या मोकळ्या करतात. इतक्या वर्षांनी, २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला की नैसर्गिक केसांवरून कुणाला शाळेत किंवा कामावर अडवता येणार नाही.

केस वळतात का, तर केसाच्या प्रथिनात गंधकाचे जोड असतात, ते त्याला आकारात धरून ठेवतात. आपल्याकडच्या पार्लरांतल्या रिबाँडिंग-स्मूदनिंगमध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन हे जोड तोडतं, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करतात, मग दुसरं द्रावण ते जोड सरळ अवस्थेत बसवतं. सगळे जोड परत बसत नाहीत. एकदा केलेल्या केसावर पुन्हा तेच केलं की तो आतून पोकळ होत जातो. आणि थायोवाल्या केसावर कॉस्टिकवालं लावलं तर तुटणारच. माझ्या भाचीच्या बाबतीत दुसऱ्या वेळी मुळाशी उगवलेल्या नव्या केसांनाच लावायला हवं होतं, ते वरपासून खालपर्यंत फासलं. करणारी मुलगी विशीची असेल. तिला तरी कुणी शिकवलं होतं? आणि विचारायची अक्कल मला कुठे होती?

तिसरा प्रकार ब्राझीलकडून आला, केराटीन ट्रीटमेंट. इथे मैत्रिणींनो जरा थांबून वाचा. केराटीन हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ शिंग. बाटलीतलं केराटीन साधारणपणे लोकर, पिसं, खूर, शिंगं यांपासून काढतात. आपण बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतो, जिलेटिन आहे का, अंडं आहे का, आणि हे डोक्यावर चोपडून घेतो, ते धुवायचं नाही म्हणून तीन दिवस तसंच ठेवून मंदिरातही जातो! मला कळलं त्या दिवशी रात्रीचं प्रतिक्रमण नीट झालं नाही. केसांसाठी म्हणून खातात त्या गोळ्यांचंही तेच. बायोटिनच्या कॅप्सूलचं वेष्टण पुष्कळदा जिलेटिनचं असतं. पुण्याची 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था, डायना रत्नागर यांनी १९७४ साली इथे सुरू केलेली, हीच माहिती गोळा करून लोकांना सांगत आली आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे, हा आपल्यासाठी केवढा दिलासा. पण चाचणी नाही याचा अर्थ आत प्राणिज काही नाही, असा होत नाही.

शिवाय त्या प्रकारात केस सरळ करण्याचं खरं काम पुष्कळदा केराटीन करतच नाही, फॉर्मल्डिहाइड करतं. तोच वायू, ज्याच्या द्रावणात प्रयोगशाळेत मेलेले जीव ठेवतात. २०१० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने पार्लरमधले नमुने तपासले, तर 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या बाटल्यांतही ते निघालं. माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते आहे. आणि त्याचा वास सर्वात जास्त कुणाच्या नाकात जातो? रोज आठ-दहा जणींना लावणाऱ्या त्या विशीच्या मुलीच्या. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्लवाली द्रव्यं आली, तर २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकिगत प्रसिद्ध केली. तीन वेळा केस सरळ केले, तीनही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली.

२०२२ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास तुम्ही कदाचित मोबाइलवर पाहिला असेल, भीती घालणाऱ्या मथळ्यासह. नीट सांगते. ३३,४९७ बायकांची जवळजवळ अकरा वर्षं माहिती ठेवली. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. म्हणजे ज्यांनी एकदा लग्नात केलं त्यांनी झोप उडवून घेऊ नये. संबंध दिसला आहे, नेमकं कुठलं रसायन ते या अभ्यासाने सांगितलेलं नाही. पण दर सहा महिन्यांनी करत राहायचं म्हणणाऱ्यांनी विचार करावा.

मी हे सगळं भाचीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते ठीक आहे आत्या, पण आत्ता जे डोक्यावर आहे त्याचं काय?"

तर त्याचं असं आहे की तुटलेला केस दुरुस्त होत नाही. केस हा निर्जीव धागा आहे, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. मुळातून येणारा नवा केस तेवढा खरा. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे हातभर केसाला चार वर्षं. तोवर खालचा मेलेला सरळ भाग सांभाळायचा आणि थोडा थोडा कापत जायचा. नवा कुरळा आणि जुना सरळ जिथे भेटतात ती जागा सर्वात नाजूक, तिथेच तुटतं. ओले केस बारीक फणीने ओढले की संपलं.

आम्ही काय केलं ते सांगते, औषध म्हणून नाही. धुण्याच्या आदल्या दिवशी खोबरेल. हे आजीचंच, पण याला पाठबळ मुंबईतून मिळालं. २००३ साली रेळे आणि मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिन निघून जाणं कमी करतं, सूर्यफूल आणि खनिज तेलाने तसं होत नाही. (ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीतच काम करत होते, हेही सांगायला हवं. पण आजी कुठल्या कंपनीत होती?) आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, केसांवरही बसत असणार. म्हणून शेवटचा तांब्या गाळलेल्या पाण्यात लिंबू पिळून. सिरका आपल्याला चालत नाही, लिंबाने भागतं. शिकेकाई रोज नाही, ती कोरड्या केसाला आणखी कोरडं करते. पंधरवड्यातून एकदा, रिठा त्याहून कमी.

कांद्याच्या तेलाचं सध्या वेड आहे, ते दारातूनच परत. खायचं थोडंच आहे, लावायचं आहे, असं दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, स्वयंपाकघरात ज्याला जागा नाही त्याला डोक्यावर कशाला? कोरफडीवर मात्र आमच्या घरात वाद झाला. श्वेतांबरांच्या बत्तीस अनंतकायांच्या यादीत तिचं नाव आहे, माझी जाऊ त्या घरची. ती म्हणते पान तोडायचंच नाही. मग आम्हाला जवस सापडला. मराठवाड्यात जवसाची चटणी कुणाकडे होत नाही? दोन चमचे जवस पाण्यात उकळून गरम असतानाच पातळ कापडातून गाळला की बुळबुळीत गर निघतो. तो ओल्या केसांना लावून बोटांनी बटा वळवायच्या आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपायचं, टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. गर रोज ताजा करायचा, शिळा ठेवायचा नाही. आपल्याला मर्यादेची सवय आहेच.

अजून एक. केस फक्त वरून सुधारत नाहीत. पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था कित्येक दशकं खेड्यातल्या किशोरवयीन मुलींसाठी काम करते, त्यांच्यातला रक्तक्षय आणि लवकर लग्नं हे त्यांचे विषय. मी भाचीचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं, नऊ निघालं. दशलक्षणाचे उपवास तिने केले होते, आणि मोठ्या उपवासानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आम्ही हिरव्या भाज्या, तीळ, गूळ, खजूर आणि जेवणात लिंबू वाढवलं.

वर्ष होत आलं. वरचे सात-आठ बोटं केस आता तिचे आहेत, दादांसारखे, घट्ट वळणाचे. खाली तळहाताएवढं सरळ, निर्जीव शेपूट राहिलं होतं.

मार्गशीर्षातलं लग्न ठरलं तसा तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. मी ऐकत होते. त्या चांगल्या आहेत, सहज म्हणाल्या, "केसांचं करून घे हं काहीतरी, आमच्याकडे फोटोवाला मोठा आहे." भाची म्हणाली, "आई, माझे केस कुरळे आहेत. मागे सरळ केले होते तर तुटले. आता नाही करणार. आंबाडा घालीन, चालेल ना?" तिकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगं, माझेही कुरळेच आहेत. तीस वर्षं इस्त्री करते मी."

मी पहिल्यांदा तिच्यासाठी निवड केली होती. या वेळी मी तिथे नुसती ज्वारी निवडत बसले होते.

दुसऱ्या दिवशी तिने खालचं सरळ शेपूट कापायला सांगितलं. मागच्या अंगणात पाटावर बसली, मी शिवणाची कात्री घेतली. कापलेले केस ती गोळा करून कागदात बांधत होती. "क्षीरसागर कुठे सापडणार आता," म्हणाली आणि हसली. आम्ही ते परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी पुरले. आंबाड्याला ताजी फुलं नकोत म्हणून जाऊबाई जरीची वेणी करून देणार आहेत. माप घ्यायला उद्या येतील.

जय जिनेंद्र.